खाड्याची वही

नाशिकच्या आपल्या वसतिगृहाची मेस मुलीच चालवायच्या. दर महिन्याला चौघींची समिती बदलायची. सुरगाणा, पेठ, कळवण, येवला आणि थेट नंदुरबारकडच्या साठेक मुली एका छपराखाली सुखाने राहिल्या, याचं श्रेय मी आधी मेसच्या वहीला देईन. हिशेब चोख असला की मनं साफ राहतात. बिलावरून कुरबुर सुरू झाली की ती खोल्याखोल्यांत शिरते.

बिलाची सोपी रीत सगळ्यांना ठाऊक असते. महिन्याचा एकूण खर्च घ्यायचा आणि त्याला सगळ्यांच्या जेवणाच्या दिवसांच्या बेरजेने भागायचं. ही रीत दिवाळीच्या महिन्यात अन्याय करते. समजा, स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या बायकांचा पगार मिळून 36,000 रुपये आहे. साठ मुली तीस दिवस जेवल्या तर 1,800 दिवस होतात, म्हणजे दिवसाला 20 रुपये. चाळीस जणी पंधरा दिवस घरी गेल्या की उरतात 1,200 दिवस, आणि दर होतो 30. गावी जाणं परवडत नाही म्हणून मागे राहिलेल्या मुलीवर 600 ऐवजी 900 चा भार येतो. घरी गेलेलीला फक्त 450. म्हणून पगार साठ जणींत सारखा वाटायचा आणि खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची सूट, फक्त किराणा, भाजी, दूध यांवर धरायचा. ही दुरुस्ती ज्या मुलींनी केली त्यांचं मला आजही फार कौतुक वाटतं.

खाडा सलग तीन दिवसांहून कमी धरायचा नाही आणि आदल्या संध्याकाळी सातच्या आत वहीत लिहायचा. कारण तोवर कणकेचा अंदाज ठरलेला असतो. माणशी चार पोळ्या धरल्या तर साठ जणींना सात किलो कणीक, वरणाला पावणेदोन ते दोन किलो तूरडाळ, भाताला चार किलो तांदूळ. चतुर्थीला उपवासाच्या मुलींची नावं आदल्या दिवशी घेतली नाहीत, तर साबुदाणा तरी कमी पडतो, नाहीतर पोळ्या उरतात. महिनाअखेरीला कोठीतला शिल्लक माल मोजून खर्चातून वजा करायचा. हे विसरलं की या महिन्याच्या मुली पुढच्या महिन्याचा तांदूळ विकत घेतात.

खरेदीत नाशिकचा फायदा मोठा. पंचवटीच्या मार्केट यार्डात पालेभाजी जुड्यांच्या शेकड्याने मिळते, पण शंभर जुड्या मेथी निवडायला किती हात आहेत ते आधी बघावं. श्रावणाच्या आगेमागे पावसाने कोथिंबीर कडाडते, तेव्हा ती सरळ बंद ठेवावी. उन्हाळ कांदा मे महिन्यात घेऊन हवेशीर जागी पसरून ठेवला की चार-पाच महिने टिकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो आठवड्यापुरताच आणावा. बटाटे कांद्यापासून लांब ठेवावेत. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून दळण आठवड्याच्या आतलंच.

बुधवारी रात्री भाकरी असायची, आणि तिथे पेठ-सुरगाण्याच्या मुली बाकीच्यांच्या गुरू. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाला चिकटपणा नसतो. ते उकळत्या पाण्यात भिजवून गरम असतानाच मळलं नाही, तर थापताना कडा फाटतात. खानदेशच्या मुली शेवभाजीचा मसाला वाटायच्या: सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून. शेव मात्र वाढताना घालायची, आधी घातली की तिचा लगदा होतो. पाटा-वरवंट्याशी बसलेल्या मुली जात आणि तालुका विसरून बोलायच्या. ओळखी वाढवण्यासाठी वेगळे कार्यक्रम लागतात यावर माझा विश्वास नाही. एकत्र राबायला काम लागतं.

आजारी मुलीचा मऊ भात आणि मुगाचं पाणी खोलीवर पोचवणं ही समितीचीच जबाबदारी होती. त्याचे वेगळे पैसे कधीही लावले जात नसत.

आताच्या समितीला एवढंच सांगते: चार्ज देताना जुन्या आणि नव्या सेक्रेटरीने कोठी एकत्र उभं राहून मोजावी, गॅसच्या भरलेल्या टाक्यांसकट, आणि दोघींनी त्याच पानावर सही करावी.