प्रॉक्सीमागचा खरा आयपी: गच्चीवरच्या हवामान केंद्राची पुढची नोंद

नागपुरातल्या मानेवाड्यात आमच्या गच्चीवरचं केंद्र आता नीट चाललंय, सोनेगावच्या वेधशाळेच्या आकड्याशी रोज ताडून बघता येतं. या वेळची नोंद मात्र सेन्सरबद्दल नाही, केंद्राचे आकडे नेटवर दाखवणाऱ्या सर्व्हरबद्दल आहे. नवतपा लागला की भर दुपारी जो तो पारा बघतो. त्यात काही मंडळींच्या स्क्रिप्ट दर सेकंदाला आकडा मागतात, तो मिनिटातून एकदाच बदलत असला तरी. म्हणून रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळात एकाने किती विनंत्या करायच्या याची मर्यादा, लावायचं ठरवलं. पण ते लावायचं तर विनंती कुणाकडून आली हे आधी कळायला हवं, आणि खरी मेख तिथेच आहे.

आधी रचना सांगतो. घरच्या लाइनला सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, नाही. राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतो, तो १००.६४.०.०/१० या पट्ट्यातला. इंटरनेट कंपन्यांच्या सामाईक नॅटसाठी (अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी) हा पट्टा २०१२ च्या आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने राखून ठेवलाय. त्यामुळे बाहेरून थेट घरी येता येत नाही. मुंबईत एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय, त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. तिथून वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून विनंती घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर येते आणि फ्लास्कमध्ये (पायथनच्या वेब चौकटीत) लिहिलेलं ॲप उत्तर देतं. व्हीपीएसच्या पुढे क्लाउडफ्लेअर, पाहुण्याची विनंती आधी आपल्याकडे घेऊन पुढे धाडणारी सेवा. म्हणजे पाहुणा आणि ॲप यांच्यामध्ये दोन प्रॉक्सी (विनंती पुढे पोचवणारे मधले सर्व्हर). पायला कनेक्शन दिसतं ते कायम १०.८.०.१ वरून, बोगद्याच्या पलीकडच्या टोकाकडून. त्या पत्त्यावर मोजणी लावली तर अख्खं नागपूर एकाच खात्यात जमा होतं.

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची एक ओळ. प्रत्येक प्रॉक्सी आपल्याला ज्या पत्त्यावरून कनेक्शन आलं तो पत्ता या हेडरमधल्या यादीच्या शेवटी जोडते. त्यामुळे सगळ्यात डावीकडचा पत्ता मूळ पाहुण्याचा, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. राजेहो, रेट लिमिटसाठी हा सल्ला घातक आहे. हेडर हा नुसता मजकूर, तो पाहुणा स्वतःही पाठवू शकतो.

मोबाइलचा डेटा चालू ठेवून हे करून बघितलं. कर्ल या कमांडने विनंती पाठवताना हेडरमध्ये २०३.०.११३.७ असं टाकलं, हा पट्टा फक्त उदाहरणांसाठी राखलेला आहे. पायच्या लॉगमध्ये यादी आली ती अशी: आधी माझा खोटा २०३.०.११३.७, मग मोबाइलचा खरा पत्ता, मग क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरचा. लूपमध्ये शेवटचा आकडा दरवेळी बदलत गेलो. डावीकडून वाचणाऱ्या लिमिटरला दरवेळी नवा पाहुणा दिसला आणि ४२९ (फार विनंत्या झाल्याचा नकार) एकदाही आलं नाही. एक्सप्रेस (नोडची वेब चौकट) वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावं. तिथे ट्रस्ट प्रॉक्सी या सेटिंगला नुसतं ट्रू दिलं की तो डावीकडचाच पत्ता उचलतो.

यादी उजवीकडून वाचायची. उजवीकडचे पत्ते आपल्या भरवशाच्या प्रॉक्सींनी लिहिलेले असतात. ते एकेक करून सोडत जायचं, आणि ओळखीचा नसलेला पहिला पत्ता भेटला की थांबायचं. त्याच्या डावीकडे काय लिहिलंय याला काडीची किंमत द्यायची नाही.

एनजिनएक्सच्या रिअलआयपी मॉड्यूलमध्ये हेच करता येतं. सेट-रिअल-आयपी-फ्रॉममध्ये (कुणावर भरवसा ठेवायचा त्या सेटिंगमध्ये) क्लाउडफ्लेअरने जाहीर केलेले पट्टे टाकले आणि रिकर्सिव्ह, म्हणजे भरवशाचे पत्ते एकेक सोडत डावीकडे सरकणं, चालू केलं. व्हीपीएसचा पत्ता शोधून कुणी थेट आलं तरी त्याचं हेडर मानलं जात नाही, कारण त्याचं कनेक्शन या पट्ट्यांतून आलेलं नसतं. इथे आळस करून ०.०.०.०/० लिहिलेल्या कॉन्फिग मी पाहिल्यात. तसं केलं की साऱ्या जगावर भरवसा ठेवला जातो, आणि रिकर्सिव्ह चालू असेल तर शोध सरकत सरकत थेट डावीकडच्या खोट्या पत्त्यावर जाऊन थांबतो.

पुढचा निर्णय माझ्या आवडीचा. खरा पत्ता व्हीपीएसवर एकदाच ठरवायचा, आणि पायकडे पाठवताना जुनी यादी पुसून तो एकच पत्ता हेडरमध्ये लिहायचा. पायवर फ्लास्कखालच्या व्हर्कझॉइग लायब्ररीतल्या प्रॉक्सीफिक्सला एकाच टप्प्यावर विश्वास ठेवायला सांगितलंय आणि पोर्ट फक्त बोगद्यासाठी उघडा आहे. दोन ठिकाणी दोन तऱ्हेने यादी वाचण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ.

मर्यादा मिनिटाला ३० विनंत्यांची. एनजिनएक्स हिशेब मिलिसेकंदात ठेवतो, म्हणजे व्यवहारात दोन सेकंदांना एक. पान उघडताना आकडा, आलेख आणि दिवसाचा उच्चांक एकदमच मागवले जातात, त्यामुळे बर्स्ट १० (एकदम दहा जास्तीच्या विनंत्यांची मुभा) आणि नोडिले (त्या न रखडवता लगेच सोडणं) दिल्याशिवाय साधा वाचकही अडतो. नकाराचा कोड मुळात ५०३ असतो, तो ४२९ केला.

मग आयपीव्ही६, म्हणजे जुन्या आयपीव्ही४ पेक्षा लांब, १२८ बिटांचे पत्ते. मोबाइलला बहुतेक वेळा पूर्ण /६४ चा पट्टा मिळतो आणि फोन त्यातला पत्ता अधूनमधून बदलतोही. अख्खा पत्ता किल्ली म्हणून धरला तर एकाच माणसाकडे २ च्या ६४ व्या घाताइतके पत्ते. म्हणून ॲपमध्ये दुसरी मोजणी ठेवली, पायथनच्या आयपी-ॲड्रेस मॉड्यूलने पहिले ६४ बिट तेवढे घेऊन. यात एक खाच आहे. काही सर्व्हर आयपीव्ही४ चा पत्ता आयपीव्ही६ च्या वेष्टनात देतात, आणि त्याचे पहिले ६४ बिट सगळे शून्य असतात. तो तसाच कापला तर आयपीव्ही४ वाले सगळे पुन्हा एका खात्यात. आधी वेष्टन काढायचं, मग कापायचं.

आयपीव्ही४ वर हात सैल ठेवलाय. हॉस्टेलमधली शंभर पोरं किंवा एका नॅटमागची पूर्ण वस्ती एकाच पत्त्यावरून येऊ शकते, आणि चाळिशी पार झालेल्या दुपारी त्या सगळ्यांनाच पारा बघायचा असतो. त्यांना अडवून काय मिळवायचं? जे स्क्रिप्ट चालवतात त्यांना मी टोकन (ज्याची त्याची ओळख सांगणारी गुप्त खूण) देतोय. त्यांची मोजणी टोकनवर होईल, पत्ता कुठलाही असो.

सध्या क्लाउडफ्लेअरच्या पट्ट्यांची यादी क्रॉनने (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीने) आणायचं काम चालू आहे. यादी रिकामी किंवा अर्धवट आली तर जुनीच ठेवायची, नवी आली तर आधी कॉन्फिग तपासून मगच रीलोड. ही तपासणी नसेल आणि रिकामी फाइल चढली, तर रिअलआयपी कुणालाच ओळखणार नाही आणि सगळे वाचक क्लाउडफ्लेअरच्या मोजक्या पत्त्यांवर मोजले जातील. स्क्रिप्टचा तेवढा भाग लिहून झाला की ती इथेच टाकतो.