कूलरच्या पंपापासून फेरूलपर्यंत: आमची वाटचाल

नागपूरच्या इतवारीत पाइप-फिटिंगच्या दुकानांना तोटा नाही. बाबांनी आमचं दुकान टाकलं तेव्हा धंदा मोसमाचा होता: उन्हाळ्यात कूलरचे पंप, पेरणीच्या आधी शेतकऱ्यांचे पाइप, बाकी वर्षभर निपल, सॉकेट, कॉक आणि टेफलॉन टेप. गिऱ्हाईक म्हणायचं, "अर्धा इंची द्या, दहा फूट." आम्ही मोजून, कापून, गुंडाळी करून द्यायचो. आतून काय जाणार, हे कोणी विचारत नसे. पाण्याशिवाय जाणार तरी काय?

ही सवय मोडली ती एका इंजिनिअर भाऊंमुळे. अमेरिकेतून परतताना त्यांनी घरी बीअर बनवायचा अख्खा संच सोबत आणला होता. स्टीलची भांडी, मॅग्नेटिक पंप, बॉल व्हॉल्व्ह, नळ्या, सगळं. पण इथे परवान्याशिवाय घरात बीअर करायची म्हटलं की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आडवा येतो. मग त्यांनी त्याच भांड्यांत कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा करायला घेतला. दुकानात आले ते एक फिटिंग हातात घेऊन. "भाऊ, कितीही टेप गुंडाळा, गळूनच राहिलं हे."

त्यांचं निपल आणि आमचं निपल काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवलं, तर फरक दिसेना. पाइपच्या आट्यांच्या पद्धती दोन, अमेरिकन एनपीटी आणि आपली बीएसपी. अर्धा इंची फिटिंगमध्ये दोन्हींना इंचाला १४ आटे. त्यामुळे हाताने सुरुवातीला मजेत फिरतं. पण एनपीटीच्या आट्याचा कोन ६० अंश आणि बीएसपीचा ५५, व्यासही किंचित वेगळा. थोडं फिरून अडकतं, वाटतं घट्ट बसलं, आणि पंप सुरू केला की थेंब. एक इंची फिटिंगमध्ये एनपीटीचे इंचाला साडेअकरा आटे आणि बीएसपीचे अकरा, म्हणजे आटे जुळतच नाहीत. तिथे निदान लगेच कळतं. लेथवाल्याकडून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं जोडपीस करून घेतलं, एका तोंडाला एनपीटी, दुसऱ्या तोंडाला बीएसपी. ते लागू पडलं आणि भाऊंनी मागून आणखी माणसं पाठवली. कोंबुचावाले, सरबत-सिरपवाले, छोट्या डेअऱ्या. आमचा आजचा धंदा त्या जोडपीसावर उभा आहे.

आता नळी मागितली की आधी विचारतो, किती गरम? साधी पारदर्शक पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे लोळागोळा होते. उकळता चहा काढायचा तर फूड ग्रेड सिलिकॉन, त्यातही प्लॅटिनम क्युअर्ड (प्लॅटिनम वापरून पक्कं केलेलं), आणि ओढणीच्या बाजूला, म्हणजे पंप माल आत ओढतो तिकडे, जाड भिंतीची. पातळ नळी गरम झाली की पंपाच्या ओढीने चपटी होते आणि लोक शिव्या पंपाला घालतात. पितळी फिटिंग आंबट मालाला देतच नाही, कितीही स्वस्त पडो.

पंपाचंही तसंच. मॅग्नेटिक पंप चुंबकाच्या ओढीने फिरतो, त्याला शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) नसतो, म्हणून तिथून गळती नाही. पण तो स्वतः हवा काढून माल उचलत नाही. टाकी वर, पंप खाली, ओढणीची नळी आखूड आणि मोठी, कॉक नेहमी बाहेर टाकायच्या बाजूला. ओढणीवरचा कॉक आवळला की उकळीला आलेल्या मालाची पंपाच्या तोंडातच वाफ होते आणि आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो. शिवाय कोरडा चालवला तर काही मिनिटांत खलास. याला वॉरंटी लागत नाही, हे बिल करतानाच सांगून टाकतो.

संत्र्याने मात्र आम्हाला नवीनच धडा दिला. कळमन्याकडच्या एका रसवाल्याने सिलिकॉनचं गॅस्केट, म्हणजे जोडात बसणारी चकती, आणून दाखवलं. फुगून इतकं मोठं झालेलं की फेरूलच्या, म्हणजे पाइपच्या टोकाच्या रुंद कडेच्या, खाचेत परत बसेना. चहावाल्यांकडे तेच गॅस्केट मजेत चालत होतं. संत्र्याच्या सालीतलं तेल, लिमोनिन, सिलिकॉनला फुगवतं, आणि मशीनमध्ये सालीसकट संत्रं दाबलं की ते तेल रसात उतरतं. त्यांना आता वायटन (तेलाने न फुगणारं रबर) किंवा टेफलॉनची गॅस्केटं देतो. फिटिंग आट्यांऐवजी ट्राय-क्लॅम्पची, म्हणजे दोन फेरूल समोरासमोर ठेवून बाहेरून क्लॅम्पने आवळायची, घ्या म्हणतो, कारण आट्यांत अडकलेला रस धुऊन निघत नाही. त्यात एक सोय अशी, की एक इंची आणि दीड इंची फेरूलची कड सारखीच, ५०.५ मिलिमीटर. दोन्हींना एकच क्लॅम्प चालतो. नवीन माणूस उगाच दोन मापांचे क्लॅम्प घेऊन जातो.

दुकानाच्या मागच्या बाजूला टाकी, पंप आणि नळ्या जोडून ठेवल्या आहेत. पाण्यावर चालवून बघा, मग पैसे द्या. संत्रावाल्यांनी तेवढं अंबिया बहाराची संत्री बाजारात यायच्या आधी यावं. वायटनचा माल मुंबईहून मागवावा लागतो, आणि दिवाळीत ट्रान्सपोर्टवाला फोन उचलत नाही.