तुम्ही विचारलंत म्हणून: फाल्कन 20 च का?

जुन्या खाजगी जेटांमध्ये आवडतं कुठलं, असं मला हमखास विचारतात. समोरच्याच्या मनात बहुधा लियरजेट असतं. मी फाल्कन 20 म्हटलं की पुढचा टोमणा ठरलेला: "शेवटी धनिकांचं खेळणंच ना ते?"

खेळणं म्हणून जन्मलं असेलही, पण आयुष्यभर राबलं ते हमालासारखं.

दासो ही फ्रान्सची लढाऊ विमानं बनवणारी कंपनी. तिचं हे जेट 4 मे 1963 रोजी बोर्दोजवळच्या मेरिन्याकहून पहिल्यांदा उडालं. पॅन ॲम या अमेरिकी विमानकंपनीला तेव्हा अमेरिकेत विकायला असंच विमान हवं होतं. त्यांचे सल्लागार होते चार्ल्स लिंडबर्ग, एकट्याने अटलांटिक ओलांडणारे. ते विमान पाहून गेले आणि 'आपला पक्षी सापडला' अशी तार करून मोकळे झाले. पॅन ॲमने 40 विमानांची मागणी नोंदवली, वर आणखी 120 चा हक्क राखून ठेवला.

लढाऊ घराण्याचे संस्कार अंगात दिसतात. मागे कललेले पंख, त्यांच्या पुढच्या कडेला सरकणाऱ्या पट्ट्या (स्लॅट), हायड्रॉलिक नियंत्रणं. जनरल इलेक्ट्रिकचं सीएफ700 इंजिन तर मला भारी गमतीचं वाटतं. एरवी पंखा इंजिनाच्या तोंडाशी असतो, इथे तो शेपटाकडे. मागच्या एका टर्बाइनच्या पात्यांनाच बाहेरच्या बाजूने पंख्याची पाती जोडलेली!

खरी कमाल मात्र अमेरिकेतल्या मेम्फिसची. फेडरल एक्सप्रेस (आजची फेडएक्स) काढणाऱ्या फ्रेड स्मिथ यांना रातोरात पार्सलं पोचवायची होती. मोठी विमानं घेतली तर सरकारी परवान्याची कटकट. 7,500 पौंडांपर्यंतच माल नेणाऱ्याला त्यातून सूट होती. फाल्कन त्यात बसत होतं. मग मखमली खुर्च्या गेल्या, विमानातली जमीन मजबूत झाली, अंगात मोठा मालदरवाजा कापला गेला. 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडरल एक्सप्रेसच्या 14 फाल्कननी 25 शहरांसाठी 186 पार्सलं नेली. एवढ्याशा मालासाठी एवढा ताफा म्हणजे वेडेपणाच! 1977 मध्ये मालवाहतुकीवरचे निर्बंध उठले, कंपनीने मोठी बोइंग 727 घेतली आणि फाल्कनची तिथली गरज संपत गेली.

पण काम सुटलं नाही. अमेरिकी कोस्ट गार्डने समुद्रावर नजर ठेवायला 41 घेतली. ब्रिटनमध्ये नौदलाच्या सरावासाठी याच विमानांनी शत्रूची सोंगं वठवली. आणि ऑक्टोबर 2012 मध्ये कॅनडात एका फाल्कन 20 ने निव्वळ जैवइंधनावर उड्डाण केलं. ते इंधन मोहरीच्या कुळातल्या एका तेलबियेपासून काढलेलं, आणि मागे तपासणीसाठी धूर हुंगत एक टी-33 जेट, त्याच्याहूनही म्हातारं.