तुम्ही विचारलंत म्हणून: सहाशे वर्षांपूर्वीचा पाऊस

गावी आलो की पारावर प्रश्न ठरलेला. "उद्याचा पाऊस सांगता येत नाही, आन सहाशे वर्साआधीचा कसा सांगतेस गा?" विचारणारे बहुतेक वेळा आमचे मोठे काका. मी प्रयोगशाळेत गुहांमधल्या चुन्याच्या खांबांचे नमुने तयार करतो. त्यांच्या लेखी मी दगड घासतो. फारसं चूक नाही.

आमचं गाव कोरपन्याकडचं. विदर्भाच्या बऱ्याच भागात खाली काळा दगड, पण इथे चुनखडी. सिमेंटच्या कारखान्यांत जाते ती. म्हणून काकांना मी न्हाणीघरातला बंब दाखवला. बोअरचं पाणी तापून तापून आत पांढरी खपली धरलेली. मी नखानं टवका काढला आणि त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं.

"गुहेत हेच होते, काका. फक्त विस्तवाशिवाय."

पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत खाली जातं. गुहेत थेंब लोंबला की वायू निसटतो, चुना मागे उरतो. थेंब पडतो तिथे खालून वर खांब चढतो. शाळेच्या पुस्तकातला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ तो हाच. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग, कधी त्याहूनही कमी.

हा खांब उभा कापायचा. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक ड्रिलनं थराथरातून कणभर पूड काढायची (शिंक आली तर दिवस फुकट). ती आम्लात टाकून निघणाऱ्या वायूत जड ऑक्सिजन-18 आणि हलका ऑक्सिजन-16 यांचं प्रमाण मोजायचं. आपल्याकडे मोसमी पाऊस जोरात असला की जड ऑक्सिजन कमी सापडतो. वयासाठी युरेनियम: ते पाण्यात विरघळून येतं, थोरियम जवळजवळ येत नाही. म्हणजे थरात आज जे थोरियम आहे, ते युरेनियमपासून तिथेच तयार झालेलं. त्यावरून वर्षं निघतात.

गडचिरोलीपलीकडे, बस्तरमधल्या दंडक गुहेची अशी नोंद 2007 साली प्रसिद्ध झाली. इसवी सन 600 ते 1500 असा तिचा पल्ला. तीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाऊस दुबळा दिसतो, आणि दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 पासूनचा मानतात.

काका बराच वेळ टवका बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, "त्या सालात दुबार पेरणी झाली होती का, हे समजते का याच्यात?"

नाही समजत. एका चिमटीत बहुतेकदा एकाहून जास्त वर्षं येतात, आणि पाणी खडकातून झिरपताना मागचापुढचा पाऊस एकत्र होतो. मिलिमीटरचा आकडाही मिळत नाही, नुसतं कमी की जास्त एवढंच. मृगात चांगला पडून मग वीस दिवस ओढ देणारा पाऊस खांबाच्या लेखी बरा पाऊस ठरू शकतो. पऱ्हाटीचं वावर मोडलं तरीही.

मी हे सांगितलं. "मंग अर्धच समजते," काका म्हणाले आणि टवका खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी पारावर तोच टवका घेऊन ते लिंबू मागत होते.