बेंझीन-टोल्युइन कॉलम: ट्रे मोजा पट्टी-पेन्सिलीने

बेंझीन आणि टोल्युइन उकळवून वेगळं करणाऱ्या ऊर्ध्वपातन कॉलमला किती ट्रे (वाफ आणि द्रव भेटतात ते आडवे थर) लागतील हे सॉफ्टवेअर क्षणात सांगतं. पण फीड, म्हणजे वेगळं करायचं मिश्रण, चुकीच्या ट्रेवर गेलं तर काय बिघडतं, ते पायऱ्या काढून ट्रे मोजायच्या मॅकेब-थील आलेखावर जितकं लख्ख दिसतं तितकं आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. १९२५ सालची ही पद्धत एकदा तरी हाताने करून बघाच.

फीड उकळबिंदूवरचं द्रव, त्यात बेंझीन ०.५० मोल-अंश (एकूण रेणूंमधला वाटा). वर ०.९५ हवं, तळाशी ०.०५. सापेक्ष बाष्पशीलता (बेंझीनची टोल्युइनपेक्षा किती सहज वाफ होते त्याचं माप) २.४ धरा. द्रवातला बेंझीनचा अंश क्ष आणि बाष्पातला य, तर समतोल वक्र य = २.४क्ष ÷ (१ + १.४क्ष). आलेखाची चौकट किमान २० सेंमीची घ्या. तेव्हा कुठे ०.०५ म्हणजे १ सेंमी होतो. शुद्धता ०.९९५ हवी असेल तर त्या कोपऱ्याला मिलिमीटरच उरतो. तो भाग वेगळ्या कागदावर मोठा करून काढावा लागतो.

आता कर्ण (य = क्ष ही रेषा) काढा. फीड उकळतं द्रव असल्याने फीडरेषा ०.५० वर सरळ उभी. रिफ्लक्स गुणोत्तर, म्हणजे वरून काढलेल्या प्रत्येक मोलमागे कॉलममध्ये परत सोडलेलं द्रव, किमान १.१९ येतं, आपण १.५ घेऊ. फीडच्या वरच्या भागाची कार्यरेषा (लगतच्या ट्रेंमधल्या वाफ-द्रवाचं नातं) कर्णावरच्या ०.९५ पासून निघून य-अक्षाला ०.९५ ÷ २.५ = ०.३८ वर छेदते. ती फीडरेषेला ०.६८ वर भेटते. तिथून कर्णावरच्या ०.०५ पर्यंत खालची रेषा.

०.९५ पासून पायऱ्या सुरू करा, एक पायरी म्हणजे एक आदर्श ट्रे: वक्रापर्यंत आडवं, रेषेपर्यंत खाली. सातव्या पायरीला द्रव ०.४९ वर येतं, म्हणजे ०.५० ओलांडलं. फीड इथेच, आणि पुढच्या पायऱ्या खालच्या रेषेवर. हे विसरून वरच्याच रेषेवर उतरत राहिलात तर पायऱ्या बारीक होत जातात आणि ०.४१ च्या आसपास रेषा-वक्राच्या कोनात अडकतात. कितीही ट्रे वाढवा, त्याखाली उतरता येत नाही. प्रत्यक्षात फीड फार खाली दिलं की नेमके असेच ट्रे फुकट जातात.

बरोबर उतरलं तर १४.२ पायऱ्या होतात. त्यातली एक रिबॉयलरची (तळाचं द्रव उकळवणारं भांडं), म्हणून ट्रे १३.२. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर प्रत्यक्षात १९. वरची वाफ थंड करणारा कंडेन्सर वाफेचा काही भागच द्रव करत असेल तर तोही एक पायरी म्हणून वजा करायचा, हे हमखास राहून जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वजनाच्या टक्क्यांची. वजनाने ५०-५० मिश्रणात बेंझीन ०.५४ मोल-अंश असतं, कारण त्याचा रेणू हलका. हे न बदलता आलेख काढला की फीडरेषाच चुकीच्या जागी उभी राहते.

आणि कार्यरेषा सरळ का? बेंझीन-टोल्युइनची बाष्पीभवन उष्णता अनुक्रमे सुमारे ३१ व ३३ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे जवळपास सारखी. एक मोल वाफ द्रव झाली की साधारण एक मोल द्रवाची वाफ होते. ही जवळीक नसलेल्या जोडीला एन्थाल्पीसह (उष्णतेच्या हिशोबासह) काढायचा पॉन्शों-सावारी आलेखच घ्यावा.