आजींना ‘त्यू’ म्हणाले त्याची गोष्ट

फ्रान्समधल्या ल्योंला आल्यावर पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात बाजाराची पिशवी. मी उत्साहाने विचारलं, “त्यू वा बियँ?” आजींची भुवई जराशी वर गेली. “त्रे बियँ, मेर्सी. ए वू?” छान आहे, आणि तुम्ही? त्या ‘वू’वर असा काही जोर होता की माझा मजला येईपर्यंत मी बटणांकडेच बघत राहिले.

मी त्यांना चक्क ‘तू बरी आहेस ना?’ असं विचारलं होतं.

दोष माझ्या वहीचा. पुण्यात फ्रेंच शिकताना सर्वनामांचा तक्ता इंग्रजी अर्थांसकट उतरवून घेतला होता. ‘ज’पुढे ‘आय’, ‘त्यू’पुढे ‘यू’, ‘वू’पुढेही ‘यू’. समोर मराठी लिहिलं असतं तर पाच मिनिटांत उलगडलं असतं: तू आणि तुम्ही. माणूस एकच असला तरी ‘वू’चं क्रियापद अनेकवचनी, आपल्या ‘तुम्ही आहात’सारखंच. १७९३मध्ये, क्रांतीच्या ऐन भरात, सगळ्यांनी एकमेकांना ‘त्यू’च म्हणावं असा आग्रह इथे धरला गेला होता. टिकला नाही तो. आजींच्या भुवईवरून कारण कळलं.

‘इल’ म्हणजे तो, ‘एल’ म्हणजे ती, वस्तूंनासुद्धा. खुर्ची इथेही ‘ती’च, त्यामुळे गंमत वाटते, पण ‘ते’ नाहीच, म्हणून आपलं नपुंसकलिंगी पुस्तक इथे ‘तो’ होतं.

खरी अडचण सर्वनाम गाळायच्या सवयीची. आपण नुसतं ‘बोलतेस का?’ म्हणतो, क्रियापदच सगळं सांगतं. फ्रेंचमध्ये मी, तू, तो, ते सगळे या चौघांचं ‘बोलणं’ लिहायला तीन तऱ्हांचं, पण कानाला सारखंच: ‘पार्ल’. सर्वनाम खाल्लं की कोण बोलतंय तेच कळत नाही.

आणि ‘ओं’! वहीत त्याच्यापुढे इंग्रजी ‘वन’ लिहिलंय, असं इंग्रजीत तरी कोण बोलतं? ‘आम्ही’साठीचं ‘नू’ पुस्तकात भेटतं; ट्राममध्ये, ऑफिसात सगळीकडे ‘ओं’च. ‘ओं नी वा’ म्हणजे चला, निघूया. हे तर आपलं ‘आपण’! फक्त क्रियापद ‘तो’चं लागतं. कोणी केलं ते सांगायचं नसेल तेव्हाही हेच कामाला येतं: सायकल चोरीला गेली, तर चोर ‘ओं’.

आठ महिन्यांनी, जिन्यात, आजीच म्हणाल्या, “ओं स त्यूत्वा?” आपण एकमेकींना तू म्हणूया का? मी लगेच हो म्हणाले. पण आपल्याकडे स्वतःच्या आजीला ‘अगं’ आणि शेजारच्या आजींना ‘अहो’. पुढच्याच वाक्यात माझ्या तोंडून ‘वू’ निघालं, आणि ती भुवई पुन्हा वर गेली.