बेकर स्ट्रीटचे धुराचे झरोके

लंडनमधे बेकर स्ट्रीटला सगळे उतरतात ते शेरलॉक होम्ससाठी, आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्यासाठीच उतरले होते. बाहेर पुतळा आहे, खाली भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाइनच्या टाइल्सवर त्याचा पाइपवाला चेहरा आहे, फोटो काढून झाले. परतताना पाटी नीट न वाचता गर्दीबरोबर चालत गेले आणि पोचले थेट ५ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, आणि मग अर्धा तास तिथून हललेच नाही.

म्हणजे बघा, वर विटांची भलीमोठी कमान, आणि दोन्ही बाजूच्या भिंतींत ओळीने खोल, तिरके वर चढत जाणारे कोनाडे. आता आत दिवे लावलेत म्हणून शोभेचे वाटतात, पण हे मूळचे झरोके, उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला! कारण १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही इथूनच जाणारी जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली ती वाफेच्या इंजिनावर. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या दहाच वर्षं आधीची, पण ती निदान मोकळ्या हवेत तरी धावत होती. इथे इंजिनाची वाफ टाकीतल्या पाण्यात सोडून थंड करायचे, पण धुराचं काय करणार? डब्यात गॅसचे दिवे, बाहेर धूर, आणि तरी पहिल्याच दिवशी ३८ हजारांच्या आसपास लोक बसले म्हणे! वीज आली १९०५ मधे, म्हणजे चाळीसेक वर्षं लोक हेच हुंगत कामाला गेले.

बोगदाही मशीनने पोखरलेला नाही, सरळ रस्ता उकरला, चर खणला, भिंती बांधल्या, वर कमान टाकली आणि पुन्हा रस्ता केला. जून १८६२ मधे फ्लीट नावाचं गटार फुटून फॅरिंग्डनकडच्या कामात पाणी शिरलं. आणि ज्या चार्ल्स पिअर्सनने वर्षानुवर्षं या रेल्वेचा पिच्छा पुरवला तो गाडी सुरू व्हायच्या काही महिने आधीच गेला, हे वाचून मला उगाच चुटपुट लागली.

निघताना कोनाड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर काळं झालं. काजळी कसली, ब्रेकची धूळ असणार, पण मी ते बोट लगेच पुसलं नाही. तेवढ्यात गाडी आली आणि मी चढलेसुद्धा, दोन स्टेशनं गेल्यावर लक्षात आलं की मला तर बेकरलू पकडायची होती.